पट्टा असा काढून घेतात होय?

मी रत्नागिरीला बदलून गेले तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच पहाटे दार बडवून मला उठवलं. मला वाटलं नळाला पाणी आलं. हंडा घेऊन धावत त्यांच्याकडे गेले, तर बाई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसलेल्या, हातात चहाची बशी. माझ्या हंड्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "बस गो लवकर. हापूस हरतोय बहुतेक."

हापूस म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्त्यांमधला जगज्जेता. त्याची कातडी ऐन पिकलेल्या आंब्याच्या रंगाची, म्हणून हापूस. त्याच्या सोनेरी पट्ट्यावर डोळा ठेवून असलेला, अंगाला तेल चोपडून चकचकणारा सडपातळ गडी म्हणजे बांगडा. बाईंना इंग्रजी नावं म्हणता येत नव्हती असं मुळीच नाही. उभा जन्म हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलेला. पण त्यांचं म्हणणं, "ती नावं त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नाहीत. कंपनीने ठेवलीन. मग मी ठेवली तर कुणाचं काय बिघडलं?"

आता मी कोल्हापूरची. आमच्या घरात आजोबांपासून सगळ्यांचे कान मोडलेले. आमच्याकडे कुस्ती म्हणजे तांबडी माती, आणि पाठ लागली की लागली, तिथं वशिला नाही. पहाटेची झोप मोडून हा तेल लावलेला तमाशा बघायचा म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बाई, हे सगळं खोटं असतं! कोण जिंकणार ते आधीच ठरवलेलं असतं!"

बाईंनी बशीतला चहा शांतपणे संपवला. म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. पण ठरवलंय ते चुकीचं ठरवलंय, हे माझं म्हणणं आहे."

मी हंडा बाजूला ठेवला आणि बसले. पुढे माझी बदली होईपर्यंत त्या खुर्चीशेजारचं स्टूल माझंच राहिलं.

बाईंचा खरा खेळ टीव्ही बंद झाल्यावर सुरू व्हायचा. त्याला त्या 'मांडणी' म्हणायच्या. हापूसचा पट्टा बांगड्याकडे गेला पाहिजे, हे त्यांना मान्य होतं. प्रश्न कसा जावा एवढाच. ओट्यावर मिठाची बरणी म्हणजे हापूस, कोकमाची बाटली म्हणजे बांगडा. एकीकडे भाकरी थापता थापता पिठाच्या हातांनी त्या दोघांना पुढेमागे सरकवायच्या. "आत्ता नाही द्यायचा पट्टा. आत्ता दिला तर अढीतला आंबा कच्चाच काढून कापल्यासारखं होईल. आधी बांगड्याला मार खाऊ दे. दोनदा हरू दे. लोकांना वाटलं पाहिजे की याच्यावर अन्याय होतोय." मग मिठाच्या बरणीकडे वळायच्या आणि आवाज एकदम मऊ व्हायचा. "आणि हापूस असा हरला पाहिजे की घरी जाताना लोकांनी त्याचंच नाव घ्यावं. जिंकवायला काय, कुणालाही जिंकवता येतं. हरणाऱ्याला नीट हरवायचं म्हणजे डोकं लागतं."

अमेरिकेतल्या लोकांनी बाईंचं एकदाही ऐकलं नाही. कुठल्यातरी भलत्याच पहाटे, कसलीही पूर्वतयारी नसताना, कुणीतरी मागून येऊन हापूसच्या डोक्यात खुर्ची घालायचं आणि पट्टा जायचा. बाई त्या दिवशी खवळलेल्या असायच्या. "शी! काय ही मांडणी! गॅदरिंगला सातवीच्या पोरांनी याहून बरी केली असती!" मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणारी मावशी दारात टोपली उतरवून आधी विचारायची, "काय झालं बाई? बांगडा जिंकला काय?" टोपलीत बांगडेच असायचे. बाई तिला मासे निवडता निवडता सगळी हकीकत सांगायच्या, आणि ती बिचारी "अरे देवा, खुर्ची घातलीन?" म्हणून हळहळायची.

जगातल्या एकूण एक गोष्टीकडे त्या याच नजरेने बघायच्या. आमच्या बँकेचे साहेब बदलले. निरोपसमारंभ म्हणजे सामोसा, चहा आणि शाल, सगळं अर्ध्या तासात उरकलं. मी घरी येऊन सांगितलं, तर बाई माझ्यावरच चिडल्या. "जुन्या साहेबांनी नव्या साहेबांना खुर्चीत बसवलं नाही? हाताला धरून? नुसता सामोसा खाऊन माणूस गेला? कसली गो तुमची बँक!" माझा त्यात काय दोष ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या शाळेतल्या एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितलं की, बाई इतिहासाच्या तासाला लढाई शिकवून झाली की पोरांना विचारायच्या, "आता सांगा, तुम्ही ही कशी मांडली असती?" परीक्षेत त्याचा काहीच उपयोग नव्हता, पण तास कुणी बुडवत नसे.

आणि खलनायक. खलनायकावर त्यांचा फार जीव. "तो नसला तर लोक खुर्चीतून उठतच नाहीत. सगळ्यांच्या शिव्या खायच्या, आणि दुसऱ्याला मोठं करून घरी जायचं. सोपं आहे होय?" असं म्हणून त्या टीव्हीतल्या एका भयंकर मिशीवाल्याकडे इतक्या कौतुकाने बघायच्या की मला हसू आवरायचं नाही.

पण हे सगळं टीव्हीपुरतं होतं, तोवर ठीक होतं.

बाईंचं गाव पालीच्या पुढे, आत. तिथली त्यांची बौद्धवाडी, आणि वाडीत जांभ्या चिऱ्याचं देखणं विहार. ते बांधलं नानांनी. नाना म्हणजे बाईंच्या यजमानांचे चुलतभाऊ, नात्याने धाकटे दीर, वयाने बाईंच्याच बरोबरीचे. तरुणपणी खाणीवरून चिरे डोक्यावर वाहून, मुंबईकरांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी ते उभं केलं आणि तेव्हापासून वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष तेच. विहाराच्या चाव्यांचा जुडगा कायम कमरेला. बायको गेलेली, मुलगी चिपळूणला दिलेली, घरात एकटा माणूस. चाव्या वाजल्या की वाडीतली पोरं म्हणायची, नाना आले.

अलीकडे मात्र नानांना विसरायला व्हायला लागलं होतं. बुद्धपौर्णिमेला आख्खी वाडी पांढरे कपडे घालून विहाराच्या पायऱ्यांवर उभी, आणि नाना चाव्यांसकट चिपळूणला लेकीकडे. कुलूप तोडावं लागलं. मंडळाची खरी कामं केव्हापासूनच प्रज्ञा करत होती. ती वाडीचीच सून, आरोग्य उपकेंद्रात नर्स, अगदी सरळ, कामाला वाघ. पोरांची अभ्यासिका तिने चालवली, उन्हाळ्यात टँकरसाठी हेलपाटे तिने घातले. पण अभ्यासिकेचं दार उघडायला रोज नानांच्या घरी चावी मागायला जायचं, आणि नाना झोपलेले असले की पोरांना घेऊन ओटीवर बसून राहायचं.

एका शनिवारी बाईंच्या पुतण्याचा मुंबईहून फोन आला. "काकी, यंदा नानांना उतरवायचं ठरलंय. मे महिन्यात सगळी मंडळी गावी येणारच आहे. सभेत ठराव मांडायचा, नानांकडनं चाव्या घ्यायच्या, प्रज्ञावहिनीला द्यायच्या. विषय संपला."

बाई म्हणाल्या, "आणि नाना?"

"त्यांचं काय? त्यांना आता झेपत नाय ना, काकी."

बाईंनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी कुस्ती लावली नाही, तेव्हाच मी समजले की पाणी मुरतंय. बंद टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "पट्टा असा काढून घेतात होय? चारचौघांत? ठराव करून? अगो, तो माणूस सभेतून घरी जाऊन पडेल ना, तो परत उठायचा नाही. त्याच्याकडे दुसरं आहे काय?" त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंना रडताना मी तोवर बघितलं नव्हतं, टीव्हीपुढे सोडून.

मग त्या उठल्या आणि ओट्याशी गेल्या. मिठाची बरणी मधोमध ठेवली. "हे भावोजी." कोकमाची बाटली शेजारी. "ही प्रज्ञा." दोन्हींकडे टक लावून बघत राहिल्या. "दोघंही चांगली. हीच तर अडचण आहे. दोन भल्या माणसांची कुस्ती लागली की एकाला नाहक हरावं लागतं. तिसरा पाहिजे." वरच्या फळीवरून मिरचीपुडीचा डबा काढला आणि दाणकन त्या दोघांच्या समोर ठेवला.

"हा कोण?" मी विचारलं.

"ही मी," बाई म्हणाल्या.

मांडणी अशी होती. बाईंनी प्रज्ञाच्या विरोधात उभं राहायचं. इतकं तोंड सोडायचं की नानांनाच तिची बाजू घ्यावी लागेल. एकदा जगज्जेता आव्हान देणाऱ्याच्या बाजूला गेला, की सभेत नाना स्वतःच्या हाताने कमरेच्या चाव्या सोडून तिला देतील. ठराव नाही, मतदान नाही, हार नाही. नुसत्या टाळ्या. मी म्हटलं, "बाई, वाडी तुम्हाला कच्चं खाईल." त्या म्हणाल्या, "खाऊ दे. तेच तर पाहिजे."

दुसऱ्या रविवारपासून आमच्या पालीच्या खेपा सुरू झाल्या. विहिरीवर बायका जमलेल्या असायच्या. बाई पदर खोचून उभ्या राहायच्या आणि सुरू. "सुनेच्या हातात विहार? उद्या रुसून माहेरी गेली की चाव्या माहेरी. मग काय तिच्या माहेरी जाऊन वंदना घ्यायची?" शेकडो मुलींना शिकवलेली ही बाई! ज्यांच्या लेकींना बाईंनी पदरमोड करून पुस्तकं दिली होती, त्या बायका आ वासून बघत राहिल्या. मग तापल्या. "बाई, तुमी बोलताय हे? तुमी?" बाई नाक उडवून पुढे चालायच्या, आणि वळण आलं की माझ्या दंडाला धरून पोट धरून हसायच्या. "नाक कसं उडवलं? त्या मिशीवाल्यासारखं जमलं ना?"

प्रज्ञा मात्र रडली. मला ते बघवेना. म्हटलं, तिला तरी सांगूया. बाई म्हणाल्या, "अजिबात नाही. सरळ पोरगी ती, तिला नाटक येत नाही. लगेच पकडली जाईल. दोन महिने सोसेल गो, मी तिला ओळखते." पण त्या दिवशी परतीच्या गाडीत त्यांनी मला दोनदा विचारलं, "फार रडली काय गो?"

मांडणी लागू पडली. नाना एका रविवारी काठी आपटत थेट बाईंच्या समोर आले. "वैनी, तुमी मास्तरीण. तुमच्या तोंडात हे शोभत नाय. ती पोर राबराब राबते, आनि तुमी तिच्या माहेरावर जाताय?" बाई म्हणाल्या, "मग द्या ना तिलाच सगळं!" आणि तरातरा निघाल्या. पुढच्या खेपेला बघतो तर नाना प्रज्ञाला विहाराच्या दाराशी घेऊन उभे. अभ्यासिकेचं दार वेगळं; हे मोठं दार नवं कुलूप घातल्यावरही सरळ उघडत नसे. दार जरा वर उचलायचं, मग चावी फिरवायची, हे नानांशिवाय कुणाला साधत नसे. ते तिला शिकवत होते. "जोर नको लावू. उचल. हां, आता फिरव." बाईंनी लांबून बघितलं आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी कळवळले. "गेला! हापूस बांगड्याच्या कोपऱ्यात गेला!"

मे महिन्यात मुंबईकर आले, वाडी गजबजली. विहाराच्या अंगणात मांडव घातला. त्रिशरण पंचशील झालं आणि सभा सुरू झाली. पुतण्या ठराव मांडायला उठणार, एवढ्यात बाई उठल्या. ठरलेलंच होतं. "माझा विरोध आहे," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "नाना बसलेले असताना काल आलेल्या सुनेला चाव्या? वाडीत माणसं संपली काय?"

मांडवात गलका झाला. "बाई, खाली बसा!" "वयाचा मान ठेवतोय म्हणून!" बायकांनी तर हातवारे करून बाईंना झोडपून काढलं. बाई हनुवटी वर करून उभ्या. आणि नाना उठले. त्यांचा हात कमरेकडे गेला. बाईंनी खाली बसता बसता माझ्या पायावर पाय दिला, म्हणजे बघ आता.

नानांनी जुडगा सोडला. प्रज्ञाकडे बघितलं. आणि चाव्या तिच्या हातात न देता समोर तसबिरींच्या टेबलावर ठेवल्या.

"मी देनार नाय," नाना म्हणाले. "मी दिल्या तर उद्या कोनतरी म्हनेल, म्हाताऱ्यानं दया केलीन. ही पोर दयेवर कशाला बसेल? आपल्याला मताचा अधिकार मिळाला तो काय कुनी दया म्हनून दिलान? मी हुबा आहे. ती पन हुबी आहे. वाडीनं हात वर करावा. कोनाला पायजे त्याला."

मी बाईंकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला होता. "हे मी मांडलं नव्हतं," त्या पुटपुटल्या. जे होऊ नये म्हणून गावभर शिव्या खाल्ल्या, तेच त्या माणसाने स्वतःहून ओढवून घेतलं होतं. चारचौघांत हार.

"प्रज्ञाच्या बाजूचे," नाना म्हणाले. इतक्या वर्षांची सवय, सभा तेच चालवत होते. एकदम हात वर गेले. म्हातारे, बायका, मुंबईकर, सगळे. पहिल्या रांगेत नानांचा स्वतःचाही हात वर होता. त्यांनी वळून सगळा मांडव बघितला, मान डोलावली, खूश होते. प्रज्ञा तोंडावर पदर घेऊन रडत होती. फक्त बाईंचे हात मांडीवर होते.

टाळ्या पडायला लागल्या. तिथंच थांबायला हवं होतं. पण नाना नियमाचे पक्के. त्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या. "थांबा. नियम तो नियम. आता माझ्या बाजूचे."

कुणीच हललं नाही. लोकांनी माना खाली घातल्या. आत्ता कुठे त्यांच्या लक्षात आलं होतं की काय होऊन बसलंय. नाना उभे होते. चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं, पण ते आता नुसतं राहून गेलेलं होतं. रिकामा हात एकदा कमरेपाशी गेला आणि परत आला. मला मत असतं तर मी दोन्ही हात वर केले असते.

आणि माझ्या शेजारून एक हात वर गेला. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीचा जातो तसा ताठ. बाईंचा.

मांडवात कुजबुज उठली. "बघा, सुंभ जळला तरी पीळ जात नाय!" "शेवटपर्यंत द्वेष सोडला नाय बाईनं." मागून कुणीतरी चक्क हुर्यो केली. बाईंनी हात खाली घेतला नाही. नानांनी तो नीट मोजला, मोठ्याने "एक" म्हणाले, आणि मग स्वतः चाव्या उचलून प्रज्ञाच्या हातात दिल्या, तिचा हात धरून वर केला. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! नानांच्या नावाने घोषणा झाल्या, प्रज्ञाच्या नावाने झाल्या. पोरांनी नानांना खांद्यावर घेतलं. ते वरून ओरडत होते, "अरे सोडा मेल्यांनो, पाडाल!"

जेवणाची पंगत बसली. बाईंच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. एका बाजूला मी बसले. वाढणाऱ्या बायका डाळ घेऊन यायच्या आणि बाईंचं पान आलं की डाव अर्धाच रिकामा करून पुढे सरकायच्या. बाई मजेत होत्या. मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघ, अजून वाईट आहे मी. काम चोख झालं."

तेवढ्यात नाना आले. मुंबईकरांनी त्यांना वर मानाच्या जागी बोलावलं होतं, तिथून उठून आले. बाईंच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या पानावर मांडी घालून बसले. बराच वेळ भात कालवत राहिले. मग बाईंकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "वैनी, त्या पोरीला बोललात ते वाईटच बोललात. ते मी इसरनार नाय. पन आख्ख्या वाडीत माझ्या बाजूचं एक मानूस होतं. तेवढं पुरे झालं मला."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलले. वाटलं, आता सगळं सांगून टाकणार. पण त्यांनी वाढणारीला हाक मारली, "भावोजींना डाळ वाढ गो," आणि खाली मान घालून जेवायला लागल्या. मला बाजूने दिसत होतं, डोळ्यांतलं पाणी पानावर पडत होतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर मी गप्प राहू शकले नाही. "बाई, सांगून टाका ना आता. झालं ना सगळं? नानांना सांगा, प्रज्ञाला सांगा. उगाच जन्मभर वाडीच्या शिव्या कशाला खायच्या? तुम्ही तर तिच्याच बाजूच्या होतात."

बाई माझ्याकडे वळल्या. सातवीच्या वर्गातल्या मठ्ठ मुलीकडे बघावं तसं बघितलं.

"अगो खुळे," त्या म्हणाल्या, "मी तिच्या बाजूची होते असं सांगितलं, तर त्यांचं ते एक मत पण जाईल."